सरमेचा प्रश्न

महाभारताचा आरंभ कोठे होतो असे विचारले, तर बहुतेकांना जनमेजयाचे सर्पसत्र आठवेल. परंतु आदिपर्वात त्या सर्पसत्राच्याही आधी एक लहानशी हकीकत आली आहे, आणि ती एका कुत्र्याची आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजय आपल्या तीन भावांसह दीर्घसत्र करीत असता सरमेचा पुत्र तेथे आला. भावांनी त्यास मारले. तो रडत आईकडे गेला, तेव्हा आईने आधी त्यालाच विचारले की, तुझ्या हातून काही अपराध तर घडला नाही ना? तो म्हणाला की, हवीला तोंड लावणे दूरच, मी तिकडे पाहिलेसुद्धा नाही. मग ती देवशुनी सत्रमंडपात गेली आणि तिने एकच प्रश्न केला : याने काही केले नसता याला का मारले? मंडपात कोणाजवळही उत्तर नव्हते. निरपराध्यास मारलेत म्हणून न दिसणारे भय तुमच्यावर कोसळेल, असा शाप देऊन सरमा निघून गेली.

पेशाने वकील असल्यामुळे असेल, ही हकीकत मला विद्यार्थिदशेपासून प्रिय आहे. सरमेने आधी आरोपीचे म्हणणे ऐकून घेतले, खात्री करून घेतली आणि मगच दाद मागितली. यज्ञ करणाऱ्या राजपुत्रांना जो विवेक राहिला नाही तो एका कुत्रीने राखला. पुष्कळ वर्षे मी ही केवळ न्यायाची कथा म्हणून वाचीत होतो. ती मनुष्याने स्वतःशी कसे वागावे याचीही कथा असू शकेल, हे मला एका पावसाळी रात्री उमगले. त्या रात्रीची हकीकत माझ्या बाजूने फारशी भूषणावह नाही. तथापि ती सांगितल्यावाचून पुढील विवेचन कोरडे राहील.

सात वर्षांपूर्वीचा श्रावण होता. आमचे घर फोंडा तालुक्यात एका देवळाच्या वाटेवर आहे. देवळाच्या प्राकारात जन्मलेले एक काळे पिल्लू वर्षभरापूर्वी माझ्या आईच्या मागोमाग घरी आले होते आणि येथेच राहिले होते. आईने त्याचे नाव काळू ठेवले. देवघर आणि स्वयंपाकघर वर्ज्य, बलकांव त्याचे, अशी वाटणी त्या दोघांनी आपसांत करून टाकली होती. त्या दिवशी कचेरीत एक कागद चाळताना माझ्या ध्यानात आले की, एका विधवा बाईंच्या राहत्या घराच्या दाव्यात अपिलाची मुदत टळून गेली आहे. जिल्हा न्यायालयात अपील करण्यास तीस दिवस असतात. हुकूमनाम्याची नक्कल मिळविण्यात जे दिवस जातात ते त्यातून वगळावयाचे असतात. ते दिवस मोजताना मी चुकलो होतो. अकरा दिवस उलटले होते आणि त्या बाई निश्चिंतपणे माझ्यावर विसंबून होत्या.

भर पावसात मी घरी आलो. काळू रोजच्याप्रमाणे चिखलाच्या पायांनी अंगावर झेपावला. हातातल्या मिटलेल्या छत्रीने मी त्यास मारले. एकदा नव्हे, दोनदा. तो केकाटत बाकाखाली शिरला. आई आतून बाहेर आली आणि आपल्या कोंकणीत एवढेच म्हणाली : “अरे, ताका कित्याक मारता? ताणें कितें केलां?”

आईने महाभारत कानांनी ऐकलेले होते. आदिपर्वातील ही कथा तिला ठाऊक होती की नाही, हे मी तिला कधी विचारले नाही. पण तो सरमेचाच प्रश्न होता, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि जनमेजयाच्या भावांप्रमाणे मीही निरुत्तर होतो.

त्या रात्री झोप आली नाही. मी बलकांवात येऊन बसलो. घटकाभराने काळू बाकाखालून निघाला, दोन हात अंतरावर थांबला आणि मग हळूच येऊन माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपला. आईचा प्रश्न डोक्यात घोळतच होता. संध्याकाळपासून माझ्या मनात मी एका मनुष्याला बडवीत होतो. तू नालायक आहेस, तुला या पेशात राहण्याचा अधिकार नाही, तुझी आजवरची प्रतिष्ठा सारी खोटी आहे, असे त्याला सुनावीत होतो. छत्रीचे दोन तडाखे काळूला बसले ते त्याच माराचे उरलेसुरले होते. तोही कोणाच्या तरी पोटचा मुलगा होता, आणि त्याची आई आताच माझ्यासमोर उभी राहून गेली होती. मग त्याच्याविषयीही तोच प्रश्न का विचारू नये? त्याने केले तरी काय?

येथे एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे. काळू निरपराध होता, मी नव्हतो. मी काही केलेच नाही, असे उत्तर मला देता येत नव्हते. पण प्रश्न मनापासून विचारल्यावर खरे उत्तर तरी मिळाले. त्याने दिवस मोजण्यात चूक केली होती, आणि ती चूक गंभीर होती. मात्र आरोप एवढाच होता. मी त्याला शिक्षा देत होतो ती सबंध आयुष्याला लाजिरवाणे ठरविणाऱ्या गुन्ह्याची.

आम्ही वकील लोक न्यायाची दोन तत्त्वे पाठ करतो. कोणीही स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ नये, हे एक. आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, हे दुसरे. पहिल्या तत्त्वाचा अर्थ आपण असा करतो की, मनुष्य स्वतःला झुकते माप देईल. सदाचारी, देवभीरू माणसांच्या बाबतीत पुष्कळदा याच्या उलट घडते. तेथे फिर्यादी, न्यायाधीश आणि मारेकरी एकच असतो आणि आरोपीस वकील मिळत नाही. एकाच अपराधासाठी कोणास एकाहून अधिक वेळा शिक्षा होऊ नये, असे आपल्या संविधानाचा विसावा अनुच्छेद सांगतो. अंतःकरणाच्या न्यायालयात तोच खटला दररोज रात्री नव्याने चालतो आणि तीच शिक्षा दररोज रात्री नव्याने होते.

यावर उपाय आपल्या परंपरेत नाही काय? आहे, आणि तो जुना आहे. पतंजलींनी चित्त प्रसन्न होण्यासाठी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा चार भावना सांगितल्या. बौद्ध परंपरेत याच चार भावना ब्रह्मविहार या नावाने ओळखल्या जातात. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे मोजताना आरंभीच द्वेषाचा अभाव, मैत्री आणि करुणा यांना स्थान मिळाले आहे. पण या मैत्रीचा अभ्यास कोठून सुरू करावा? पाचव्या शतकात सिंहलद्वीपात बुद्धघोषाचार्यांनी ‘विशुद्धिमग्ग’ ग्रंथात त्याचा क्रम दिला आहे. प्रथम स्वतः, मग गुरूसारखी पूज्य व्यक्ती, मग जिवलग मित्र, मग ज्याच्याविषयी विशेष काही वाटत नाही असा मनुष्य, आणि शेवटी वैरी. स्वतःपासून आरंभ का, याचे त्यांनी दिलेले कारण वकिलाच्या मनाला फार भिडणारे आहे. स्वतःला येथे साक्षी म्हणून उभे करावयाचे असते. मला सुख हवे आणि दुःखाचे भय वाटते, तसेच ते इतर प्राण्यांनाही वाटत असणार, ही साक्ष दुसरे कोण देणार?

क्रम निर्दोष आहे. अडचण एवढीच की आज आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत हा पहिला साक्षीदारच फितूर झालेला आढळतो. डोळे मिटून ‘मी सुखी असो’ असे म्हणावे, तो आतला फिर्यादी उठून हरकत घेतो : कोणत्या अधिकाराने? अशा वेळी जाणता वकील जे करतो तेच साधकाने करावे. आधी दुसरा साक्षीदार तपासावा. घरातला मुका प्राणी हा तो दुसरा साक्षीदार होय.

त्याच्याविषयी आपल्या मनात हरकत उठत नाही. तो सुखी असावा असे म्हणताना आपण त्याचे प्रगतिपुस्तक मागत नाही. तो भुकेला असला तर खाऊ घालतो, भ्याला तर जवळ घेतो, आणि त्याने चपला कुरतडल्या तर रागावतो खरे, पण त्यावरून त्याच्या सबंध जन्माचा निकाल लावीत नाही. कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले म्हणजे दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य वाढते, असे जपानी संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. माता आणि तान्हे मूल यांच्या जिव्हाळ्याशी निगडित असलेले हेच ते द्रव्य. थोडक्यात, जी भावना साधकाने प्रयत्नाने निर्माण करावी असे शास्त्रकार म्हणतात, ती या एका ठिकाणी प्रयत्नावाचून तयार सापडते. शेतकरी जसा विरजणासाठी शेजारून कवडीभर दही आणतो, तसे हे आहे. भांडे आपले, दूध आपले. विरजण तेवढे बाहेरून आणावयाचे.

माझा अभ्यास साधा आहे. सायंकाळी देवापाशी दिवा लागल्यावर मी दहा मिनिटे बलकांवात बसतो. प्रथम काळूकडे पाहतो आणि तो निर्भय राहो, त्याला वेदना न होवोत, तो सुखाने झोपो, एवढे मनात म्हणतो. ते म्हणताना छातीत जो मऊपणा येतो तो नीट ओळखून घेतो. मग त्याच मऊपणाने, काळूला मारणारा जो हात, त्या हाताच्या धन्याकडे पाहतो. तोही भ्यालेला होता, त्यालाही वेदना होत होती. नंतर त्या विधवा बाई, नंतर समोरच्या पक्षाचा वकील. शेवटी ज्याचे नाव काढले तरी माझे कपाळ आठते तो एक गृहस्थ. त्याच्यापर्यंत मी दर वेळी पोहोचतोच असे नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली आत्मकरुणेची तीन अंगे सांगितली : स्वतःशी ममतेने वागणे, आपली चूक ही सर्व मानवजातीच्या वाट्यास येणारी चूक आहे हे ओळखणे, आणि दुःख न दडविता व न फुगविता जसेच्या तसे पाहणे. त्यांच्या विचारामागे बौद्ध परंपरेचे ऋण आहे. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर बसून कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरविणाऱ्या म्हातारीला ही तीन अंगे वेगळी शिकवावी लागतील असे मला वाटत नाही. तोच हात स्वतःच्या पाठीवरूनही फिरू शकतो, एवढे तिला कोणी सांगितले म्हणजे पुरे.

यावर आक्षेप येतील, आणि ते यावेत. पहिला आक्षेप आसक्तीचा. भागवताच्या पंचम स्कंधातील भरत राजा राज्य सोडून वनात गेला, नदीत पडलेले हरिणाचे पाडस त्याने वाचविले आणि त्याच्यात तो इतका गुंतला की अंतकाळी त्याचेच चिंतन होऊन पुढच्या जन्मी हरीण झाला. मग प्राण्याच्या प्रेमाला साधन कसे म्हणावे? बुद्धघोषाचार्यही बजावतात की, उघड वैर हा मैत्रीचा दूरचा शत्रू, आणि आसक्ती हा तिच्या वेषात वावरणारा जवळचा शत्रू. हे सारे मान्य. पण भरताची कथा तेथे संपत नाही. तिसऱ्या जन्मी तो जडभरत झाला. राजा रहूगणाची पालखी वाहताना पायाखाली जीव चिरडू नये म्हणून बाणभर अंतर पुढे पाहून तो पाऊल टाकीत असे, त्यामुळे पालखीला हिसके बसत. पाडसाला वाचविणे ही त्याची चूक नव्हती. करुणा पाडसापाशीच थांबली, ही चूक होती. तीच करुणा पुढे चालत गेली तेव्हा मुंगीपर्यंत पोहोचली. घरचे कुत्रे कुरवाळून घरच्या गड्याला लाथाडणारी माणसे आपण पाहतो. त्यांचे विरजण दुधात पडलेच नाही, ते वाटीतच आंबून गेले.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. स्वतःवर करुणा म्हणजे स्वतःला मोकाट सोडणे नव्हे काय? याचे उत्तर देण्यासाठी मला पुन्हा त्या प्रकरणाकडे वळले पाहिजे. जोपर्यंत मी स्वतःला मनात फासावर चढवीत होतो, तोपर्यंत माझी बुद्धी एकाच कामाला लागली होती : ही गोष्ट कोणाला न कळता कशी निभावेल? नक्कल देणाऱ्या कारकुनावर दोष ढकलता येईल काय, बाईंनीच कागद उशिरा दिले असे भासविता येईल काय, असे विचार येऊन गेले हे मी कबूल करतो. ज्याला आपल्या चुकीची शिक्षा मृत्युदंड आहे असे वाटते, तो कबुली कशी देईल? त्या रात्री आरोप त्याच्या खऱ्या मापावर आला, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या घरी जाऊन सांगू शकलो की, चूक माझी झाली. १९६३ च्या मुदत कायद्याच्या पाचव्या कलमाखाली विलंब माफ करण्याचा अर्ज द्यावा लागतो. त्यासोबत माझे स्वतःचे प्रतिज्ञापत्र जोडले आणि त्यात दिवसांचा चुकलेला हिशेब जसाच्या तसा लिहिला. जो साक्षीदार होतो त्याने त्याच प्रकरणात वकिली करू नये, म्हणून ते काम एका स्नेह्याकडे सोपविले. न्यायालयाने खर्च बसवून विलंब माफ केला. खर्च मी भरला. आत्मकरुणेने मला निर्दोष सोडले नाही. तिने मला पिंजऱ्यात उभे राहून खरे बोलण्यापुरते बळ दिले.

महाभारत कुत्र्याने सुरू होते तसे ते कुत्र्यापाशी येऊन थांबते, हे येथे आठवते. महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी पडली, सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम पडले. प्रत्येक वेळी युधिष्ठिराने पडलेल्याचा दोष सांगितला आणि मागे न पाहता तो चालत राहिला. प्रत्येक दोष खरा होता. निकाल देण्यात धर्मराज तेथेही चुकला नाही. पण स्वर्गाच्या दाराशी इंद्र म्हणाला, हा कुत्रा सोड, तेव्हा तो थबकला. भावांना सोडलेस मग याला का नाही, या प्रश्नावर त्याने दिलेले उत्तर कोणत्याही वकिलाला शोभेल असे आहे : ते मेल्यावर मी पुढे गेलो, जिवंतपणी सोडले नाही. शरणागताला टाकणे, स्त्रीवध, ब्रह्मस्वाचे हरण आणि मित्रद्रोह या चार पातकांच्या तोडीचे पातक भक्ताला सोडण्यात आहे, असे त्याने इंद्राला सुनावले. ज्याला शास्त्राने अपवित्र मानले, ज्याच्या पुण्याचा कोठे हिशेब नव्हता, त्याच्यासाठी तो स्वर्ग सोडावयास निघाला. आणि तो कुत्रा साक्षात धर्म निघाला.

मला या कथेत आणखी एक अर्थ दिसतो. तो व्यासांचा आहे असा माझा दावा नाही. आपला हा थकलेला, चुकणारा, भिणारा जीव जन्मापासून आपल्यामागे तसाच चालत आला आहे. सोबतीचे सारे वाटेत गळाले तरी तो शेवटपर्यंत असणार. देवाच्या दाराशी जाताना याला मात्र बाहेर टाकून जावे, हा अपवित्र आहे, असे पुष्कळ भाविकांना वाटते. १९७६ साली संविधानात ५१क हा अनुच्छेद घालून सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविण्यात आले. त्या सजीव प्राण्यांच्या यादीत नागरिक स्वतः येतो की नाही, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयापुढे येणार नाही. तो आपला आपणच निकालात काढावयाचा आहे, आणि आधी दुसरी बाजू ऐकून.

काळू आता म्हातारा झाला आहे. त्या रात्री त्याने मला क्षमा केली, असे मी पूर्वी म्हणत असे. आता म्हणत नाही. क्षमा हा शब्द त्याच्या तोंडी घालण्याचा मला अधिकार नाही. तो केवळ जवळ आला. आजही पावसाळ्यात मी मिटलेली छत्री हातात घेऊन पायऱ्या चढलो की तो क्षणभर थबकतो आणि कान मागे पाडतो. त्याच्या देहाने ती साक्ष जपून ठेवली आहे आणि ती पुसून टाकण्याची माझी इच्छा नाही. मी छत्री खालच्या पायरीवर ठेवतो, रिकामे हात त्याला दिसू देतो आणि मगच हाक मारतो. न्यायालयातून मन चिडून परत येते त्या संध्याकाळी मी आणखी थोडा वेळ त्या पायरीवरच बसतो. मनातली छत्रीही तेथेच ठेवून मगच घरात शिरावे, असा प्रयत्न करतो.